चारसूत्री लावणी की सगुणा टोकणी? वीस गुंठ्यांपुरतं माझं मत

घरात खायला पुरेल एवढाच भात करायचा आणि मजूर लावायची ऐपत नाही, अशांसाठी हे लिहितोय. चारसूत्री म्हणजे रोपं तयार करून ती ठरावीक अंतरावर लावायची, सगुणा म्हणजे लावणी न करता बी थेट वाफ्यावर टोकायचं. रायगडातल्या कर्जत तालुक्यातल्या आमच्या खाचरात मी दोन्ही करून पाहिलंय.

चारसूत्रीला नावं ठेवायला जागा कमी. हिरवळीच्या खताला गिरिपुष्पाचा पाला बांधावरचाच. दोरी धरून 15 आणि 25 सेंटिमीटरवर आळीपाळीने लावायचं, चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध ब्रिकेट, म्हणजे खताची दाबलेली गोळी, खोचायची. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. आमचे फुटवे बघायला शेजारी यायचे.

माझं बिनसलं ते लावणीच्या दिवसांवरून. रोप 21 दिवसांचं झालं की लावावं म्हणतात. पण नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडच्या बाया मोठ्या शेतकऱ्यांच्या लावणीला जातात. माझी आईही जायची, कारण तेव्हा कणगीचा तळ दिसत असतो आणि रोख पैसा तिथेच मिळतो. आपलं खाचर सगळ्यांत शेवटी. एका वर्षी त्यात पावसानेही दडी मारली. चिखलणी होईना, राबातलं, म्हणजे रोपवाटिकेतलं, रोप 40 दिवसांचं होऊन पिवळं पडलं. दोरी कितीही सरळ धरा, वय उलटलेल्या जरड रोपाला फुटवे येत नाहीत. पुढे माघापासून तांदूळ विकत आणला.

सगुणा पद्धत नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची. गादीवाफ्यावर साच्याने 25 सेंटिमीटरवर भोकं पाडून तीन-चार दाणे टाकायचे. राब, चिखलणी, लावणी, तिन्ही गेलं. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवून, न नांगरता त्याच वाफ्यावर आम्ही वाल टोकतो. बिरड्याची सोय होते. पहिल्या वर्षी वाफे ओढताना कंबरडं मोडतं, पण ते एकदाच.

दुखणं आहे ते तणाचं. साचलेल्या पाण्यात दबतं तसं इथे दबत नाही. त्यावर तणनाशक सांगतात. मला ते फवारताना बांधातले खेकडे आठवतात, म्हणून आम्ही हातानेच निंदतो. कटकट आहेच. पण निंदणी आज राहिली तर परवा होते. आई कामावरून आल्यावर उजेड असेपर्यंत दोन वाफे काढते. रोप असं थांबत नव्हतं.

तुमचं खाचर सखल असेल, पहिल्याच पावसात पाणी तुंबत असेल, तर टोकलेलं बी कुजेल. तिथे चारसूत्रीच बरी. नाहीतर यंदा पाच गुंठ्यांवर वाफे ओढून बघा. साचा मात्र विकत घेऊ नका, कुणाकडून दोन दिवस मागून आणा.