दादरची प्रस्थानपूर्व कार्यशाळा: करावी, तिच्यापुढचे पॅकेज मात्र घेऊ नये

उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्यांकरिता दादर पश्चिमेला, रानडे रोडलगतच्या एका सल्लाकेंद्रात दिवसभराची कार्यशाळा घेतली जाते. मुलीसोबत मीही ती पूर्ण ऐकली. अशा केंद्रांचा सारा भर सहसा वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासाच्या मुलाखतीवर असतो आणि व्हिसासह पासपोर्ट हाती पडला की त्यांचा विषय संपतो. ही कार्यशाळा तिथून पुढे सुरू होते, म्हणून तिची दखल घेत आहे.

व्हिसा हा प्रवेशापुरता असतो, तिथे असताना त्याची मुदत सरली तरी केवळ त्यामुळे वास्तव्य बेकायदा ठरत नाही. उलट व्हिसा पाच वर्षांचा असूनही एफ-१ (पूर्णवेळ शिक्षणासाठीचा व्हिसा) विद्यार्थ्याचा दर्जा एका सत्रात गमावला जाऊ शकतो, हा भेद प्रशिक्षिकेने आरंभीच स्पष्ट केला. मग प्रत्येकाला स्वतःचा आय-२०, म्हणजे विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी-पात्रतेचा दाखला, बाहेर काढायला लावून तो ओळीने वाचून घेतला. पहिल्या पानावरील अभ्यासक्रम-समाप्तीची तारीख अधोरेखित करायला सांगितली, कारण प्रबंध लांबला तर मुदतवाढ त्या तारखेच्या आतच मिळवावी लागते. दुसऱ्या पानावर प्रवासासाठीची सही असते व ती शिकत असताना वर्षभरच चालते; डिसेंबरात घरच्या लग्नाला येणाऱ्याने तिकिटाआधी ती पाहावी, ही सूचना तर पालकांनीच अधिक तत्परतेने टिपून घेतली.

सर्वांत उपयुक्त भाग विषयसंख्येचा होता. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात, पदव्युत्तर स्तरावर पूर्ण भार किती हे विद्यापीठ ठरवते, आणि त्या भारात ऑनलाइन वर्ग एकच धरला जातो. एखादा विषय जड जातो, तो आता सोडू आणि पुढच्या सत्रात पाहू, हा आपल्याकडचा केटीचा हिशेब तिथे चालत नाही: विद्यापीठातील डीएसओ, म्हणजे सेविस या अमेरिकी सरकारच्या संगणकीय प्रणालीतील विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणारा अधिकारी, त्याची परवानगी आधी घ्यावी लागते. आजारपणासाठीही डॉक्टरांचे पत्र आणि हीच पूर्वपरवानगी लागते.

नोकरीविषयी उत्तरे रोखठोक होती. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येते. ओळखीच्या दुकानात रोखीने काम केले तर काय, असे एका पालकांनी विचारले (चहानंतर तेच दुसऱ्या कोणी वेगळ्या शब्दांत विचारले). अनधिकृत काम केलेल्याला, दर्जा गेल्यास, तो पुन्हा बहाल होण्याचा मार्गही बंद होतो, असे प्रशिक्षिकेने आडपडदा न ठेवता सांगितले.

ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयातच ठरावीक काळ नोकरी करण्याची परवानगी, मात्र घाईत उरकली. अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंतच करता येतो आणि ओपीटीच्या काळात बेरोजगारीचे एकूण दिवस ९० च्या वर जाऊ नयेत, एवढे सांगून पडदा पडला. पत्ता बदलल्यास १० दिवसांत कळवण्याचा नियमही ओझरताच आला. सुरुवातीला मित्रांकडे उतरून मग घर शोधणाऱ्या मुलांना खरे तर तोच आधी लागू होतो.

कार्यशाळेच्या चौपट शुल्काचे ‘प्रस्थानोत्तर साहाय्य’ पॅकेज आम्ही घेतले, पण त्याची शिफारस मी करणार नाही. त्यातील व्हॉट्सअॅप गटावर, सीपीटीचा (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकतानाच काम करण्याच्या परवानगीचा) अर्ज विचाराधीन असताना इंटर्नशिप सुरू करायला हरकत नाही, असे उत्तर एका सल्लागाराने दिले. ते चुकीचे आहे: सीपीटीची मंजुरी आय-२० वर नोंदल्याशिवाय एक दिवसही काम करता येत नाही. मुलीने डीएसओकडे खात्री करून घेतली, म्हणून निभावले. सेविसमधील नोंद दादरहून कोणालाही बदलता येत नाही, आणि ज्याला बदलता येते त्या डीएसओचा सल्ला विद्यार्थ्याला विद्यापीठात विनाशुल्क मिळतो.

कार्यशाळा मराठीत होते व आईवडिलांना वेगळे शुल्क नाही. आय-२० ची छापील प्रत सोबत न्यावी. मोबाइलवर वाचणाऱ्यांची फार ओढाताण झाली. जुलैच्या तुकड्या लवकर भरतात, तेव्हा नाव जूनमध्येच नोंदवावे.