दिवा विझवून विकलेली व्हॅन आणि न बदललेल्या सेन्सरचं बिल

जुनी प्रवासी व्हॅन घेणाऱ्यांनी किंवा चालवणाऱ्यांनी हे वाचावं. आम्हाला एकाच दोषावर दोनदा फसवलं गेलं. आधी विकणाऱ्याने फसवलं, मग ज्याने त्याची लबाडी पकडून दिली त्याच मेकॅनिकने. पैसे गेले ते गेले, पण त्या गाडीत रोज माणसं बसत होती. म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

व्हॅन माझा भाऊ चालवतो. घेताना गाडी नीट पाहिली होती, इंजिन गुळगुळीत होतं, मीटरवर एकही दिवा पेटलेला नव्हता. विकणारा अभिमानाने म्हणाला, "बघून घ्या, एक लाइट नाही." पुढे एकदा पावसात भरल्या गाडीत भावाला जोरात ब्रेक मारावा लागला. पुढची चाकं जाम झाली, त्याने स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच घसरत गेली. समोर मोकळी जागा होती म्हणून वाचले सगळे. ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणं हेच एबीएसचं काम. आणि जाम झालेलं चाक गाडी वळवू शकत नाही. म्हणजे एबीएस बंद पडलेलं होतं, आणि बंद पडल्यावर जो पिवळा दिवा पेटायला हवा तो मात्र शांत होता.

गॅरेजवाल्याने मीटर खोलून पाहिलं. एबीएसच्या दिव्याची मूळ वायर कापून ती इंजिन ऑइलच्या दिव्याला जोडलेली होती. चावी फिरवली की दोन्ही दिवे पेटायचे, इंजिन सुरू झालं की ऑइलचा दाब येऊन दोन्ही एकदम विझायचे. पाहणाऱ्याला वाटणार, दिवा चालू आहे, सिस्टिम ठीक आहे. बल्ब काढून टाकणं किंवा मागून काळी टेप लावणं ही जुनी युक्ती झाली, ती चटकन लक्षात येते. ही नाही येत.

पण हिलाही पकडता येतं, आणि त्याला काही हत्यार लागत नाही. इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑनवर आणा आणि थांबा. बहुतेक गाड्यांत एबीएसचा दिवा स्वतःची तपासणी करून काही सेकंदांत आपोआप विझतो. ऑइलचा दिवा इंजिन बंद असेपर्यंत पेटलेलाच राहतो. दोघं एकत्र पेटून एकत्रच विझत असतील तर वायरिंगमध्ये कुणीतरी हात घातला आहे असं समजून चौकशी करा. काही गाड्यांत दिवा थोडं अंतर चालवल्यावर विझतो, तेव्हा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या. आणि पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला तर गाडी पुढे नेऊच नका. बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांना ब्रेक किती लागावा हेही एबीएसचीच यंत्रणा ठरवते. शिवाय लाल दिव्याचा अर्थ ब्रेक ऑइल कमी झालंय असाही असू शकतो.

वायर शोधून दिल्यामुळे आमचा त्या गॅरेजवाल्यावर विश्वास बसला. त्याने वायर जागेवर जोडली, दिवा पेटला, मग गाडीत नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर लावला. पुढच्या डाव्या चाकाच्या वेगाचा सिग्नल चुकतोय असा कोड, म्हणजे दोषाची नोंद, आली. "सेन्सर गेला. डावा गेलाय तर उजवाही जाणार, दोन्ही टाकून घेऊ." संध्याकाळी गाडी मिळाली, दिवा विझलेला, बिलावर दोन नवे सेन्सर. जुने भाग मागितले तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन सेन्सर दिलेसुद्धा.

त्यानंतर गाडी हळू थांबवताना पेडल पायाखाली थडथडायला लागलं. सिग्नलला गाडी जवळजवळ थांबलेली, आणि अचानक पेडल धडधडून गाडी आणखी थोडी पुढे सरकायची. कोरड्या रस्त्यावर, हलका ब्रेक लावलेला असताना! पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती "थोडी" केवढी असते ते सांगायला नको. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, नवा सेन्सर आहे, बसायला वेळ लागतो. चालवत राहा."

हे धादांत खोटं होतं. अशा सेन्सरमध्ये हलणारं काहीच नसतं. जुन्या व्हॅनमध्ये बहुधा असतो तो सेन्सर म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तारेची गुंडाळी. समोर चाकाबरोबर फिरणारी दात असलेली लोखंडी रिंग असते, सायकलच्या दातरीसारखी. दात समोरून गेला की गुंडाळीत बारीकसा विद्युतप्रवाह उमटतो, आणि तो किती भराभर उमटतो त्यावरून कंट्रोल युनिटला चाकाचा वेग कळतो. सेन्सर आणि दात यांच्यातली फट साधारण मिलिमीटरभर असते. गंजामुळे ती वाढली किंवा रिंगला तडा गेला की सिग्नल तुटतो. हळू वेगात तो मुळातच क्षीण असतो, त्यामुळे युनिटला वाटतं की हे एक चाक जाम होतंय, आणि ते त्या चाकाचा ब्रेक सोडतं. आमच्या पायाखाली होणारी थडथड ही होती. सेन्सर "बसत" नव्हता, गाडी ब्रेक सोडत होती.

दिवा पुन्हा पेटला. आता तो म्हणाला, मॉड्यूल गेलं, म्हणजे ते कंट्रोल युनिटच. मॉड्यूल हा त्या यंत्रणेतला सगळ्यात महाग भाग. आम्ही गाडी दुसरीकडे नेली.

तिथल्या वायरिंगवाल्याने स्कॅनरला हातही लावला नाही. गाडी जॅकवर घेतली, सेन्सरचा कपलर (वायर जोडायचा प्लग) सोडवला, वीज मोजणारा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवला आणि हाताने चाक फिरवलं. उजव्या चाकाचं रीडिंग वेगाबरोबर चढायचं-उतरायचं. डाव्याचं चढता चढता मध्येच पडायचं, प्रत्येक फेऱ्यात, त्याच जागी. गुंडाळीचा रोध मात्र दोन्हीकडे हजार ओहमच्या वर, जवळजवळ सारखाच. म्हणजे सेन्सर जिवंत होता. चाक आणि डिस्क उतरवून टॉर्च मारला तर रिंगखाली गंजाचा फुगलेला थर होता आणि त्या फुगवट्याने रिंगला आरपार तडा गेला होता. तड्याच्या ठिकाणी दोन दातांमधलं अंतर इतरांपेक्षा उघड जास्त दिसत होतं.

मग त्याने मला सेन्सरचा बोल्ट दाखवला. बोल्टच्या डोक्यावर तांबूस पापुद्रा जसाच्या तसा होता. पान्याची एक कड त्यावर लागली असती तरी चकाकती धातू दिसली असती. तिथे चिखलही जुनाच, सुकून दगड झालेला. उजव्या बाजूलाही तेच. सेन्सर बदललेलेच नव्हते! त्याने स्कॅनरने कोड उडवला होता, बस. कोड उडवला की दिवा विझतो आणि दोष पुन्हा सापडेपर्यंत विझलेला राहतो. तेवढ्यात बिल वसूल. पिशवीतले "जुने" सेन्सर आणून आमच्या कपलरला लावून पाहिले, तर ते त्यात शिरतही नव्हते. कुठल्यातरी वेगळ्याच गाडीचे होते.

मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आहे. एबीएस पूर्ण बंद असताना निदान साधा ब्रेक लागत होता. कोड उडवून त्याने ते बिघडलेल्या सिग्नलवर पुन्हा चालू केलं, आणि मग गाडी नको तिथे ब्रेक सोडायला लागली. पेडल थडथडतंय हे ऐकून त्याला हे कळलं नसेल असं मी मानायला तयार नाही. तरीही "चालवत राहा" म्हणाला.

कोड चाकाचं नाव सांगतो, भागाचं नाही. सेन्सर, रिंग, बेअरिंगचा खुळखुळा, घासून तुटलेली वायर, गंजलेला कपलर, यांतलं काहीही असलं तरी कोड तोच येऊ शकतो. तेव्हा कोड वाचून कुणी थेट भाग बदलायला निघाला तर चाक फिरवून सिग्नल दाखवायला सांगा. तुमच्या गाडीत नव्या पद्धतीचे सेन्सर असतील तर ओहम मोजून काही कळत नाही, ते वीजपुरवठा असल्याशिवाय काम करत नाहीत. तिथे गाडी हळू चालवत स्कॅनरवर चारही चाकांचे वेग शेजारीशेजारी बघावे लागतात. काम झाल्यावर बोल्ट बघा, आणि जुना भाग तुमच्याच कपलरमध्ये शिरतो का ते तिथल्या तिथे लावून बघा.

आमची रिंग बदलली, चाक ज्यावर बसतं त्या हबवरचा गंज घासून काढला, सेन्सर तेच जुने राहिले. थडथड थांबली, दिवा वेळेवर पेटतो आणि वेळेवर विझतो. पहिल्या गॅरेजवाल्याला बोल्टचे फोटो आणि ती पिशवी दाखवली तेव्हा त्याने गॅरेजातल्या पोराकडे बोट केलं आणि सेन्सरचे पैसे परत दिले, मजुरी नाही. विकणारा फोन उचलत नाही. कापलेल्या वायरचे फोटो आम्ही बिलांसोबत जपून ठेवले आहेत आणि त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे.