केबल एकच, कामे दोन: जीडीबीच्या फाइल पाठवण्याच्या आज्ञा

नवी मुंबईतील महापे येथे आम्ही पंपांचे नियंत्रण करणारे छोटे लिनक्स बोर्ड तयार करतो. त्यांवरील प्रोग्रॅममधील चुका शोधण्यासाठी मी जीडीबी हा डीबगर रोज वापरतो. इथे मात्र मला त्याच्या तीनच आज्ञांविषयी लिहायचे आहे: बोर्डावर फाइल पाठवणारी ‘रिमोट पुट’, तिथून फाइल आणणारी ‘रिमोट गेट’ आणि तिथली फाइल पुसणारी ‘रिमोट डिलीट’. २००८ साली आलेल्या ६.८ आवृत्तीपासून त्या उपलब्ध आहेत, तरी माझ्या ओळखीतले कितीतरी अभियंते आजही पेनड्राइव्ह घेऊन टेबल ते बोर्ड अशा फेऱ्या मारतात.

मीही तेच करत होतो. गेल्या पावसाळ्यात रबाळ्याच्या एका कारखान्यात ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवण्यासाठी नेमलेली जागा) भलत्याच ओळीवर थांबत होता, व्हेरिएबलमध्ये अर्थहीन आकडे दिसत होते, आणि दोन संध्याकाळी खर्ची पडल्यावर लक्षात आले की बोर्डावर सोमवारचा बिल्ड (कोडपासून तयार केलेला प्रोग्रॅम) होता आणि माझ्या लॅपटॉपवर मंगळवारचा. जीडीबी फंक्शनांची व ओळींची माहिती लॅपटॉपवरील फाइलमधून वाचतो, पण प्रोग्रॅम चालतो तो बोर्डावरचा. दोन्ही एकाच बिल्डचे नसतील, तर समोर दिसणाऱ्या कशावरच विश्वास ठेवता येत नाही.

आता बोर्डावर जीडीबीसर्व्हर, म्हणजे लॅपटॉपवरील जीडीबीच्या आज्ञा बोर्डावर पाळणारा जोडीदार प्रोग्रॅम, ‘मल्टी’ पर्यायासह सुरू असतो. लॅपटॉपवरील स्क्रिप्ट ‘टार्गेट एक्स्टेंडेड-रिमोट’ने त्याच्याशी जोडणी करते, ‘रिमोट पुट’ने ताजी फाइल चढवते, ‘सेट रिमोट एक्झेक-फाइल’ने तिचा मार्ग सांगते आणि ‘रन’ देते. नवी फाइल चालवण्याच्या परवानगीसहच तयार होते, त्यामुळे परवानगी बदलणारी ‘चमॉड’ आज्ञा वेगळी द्यावी लागत नाही. माझ्या दृष्टीने सोयीपेक्षा ही खात्री मोलाची आहे की, जे तपासतो आहे तेच चालते आहे.

फाइलचे तुकडे डीबगिंगच्याच जोडणीवरून जातात आणि अशा प्रत्येक पॅकेटच्या शेवटी, मजकूर बिघडला नाही ना हे तपासणारा दोन अंकी चेकसम असतो. म्हणून बोर्डावर नेटवर्कवरून फाइल पाठवण्याची एसएसएच किंवा एफटीपी ही सोय नसली, नुसती सिरियल केबल असली, तरी काम भागते. वेग मात्र केबलचाच मिळतो: १,१५,२०० बॉडवर सेकंदाला फार तर ११,५२० बाइट जातात, म्हणजे २० लाख बाइटच्या फाइलला किमान जवळपास तीन मिनिटे लागतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या उत्तराची वाट पाहावी लागत असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. यावर उपाय म्हणून मी बोर्डावर त्याच बिल्डची ‘स्ट्रिप’ केलेली, म्हणजे डीबगिंगची माहिती काढून लहान केलेली प्रत पाठवतो आणि पूर्ण प्रत लॅपटॉपवर ठेवतो.

उणिवाही आहेत. किती टक्के काम झाले हे दिसत नाही, संपूर्ण फोल्डर पाठवता येत नाही, आणि त्याच नावाची जुनी फाइल असेल तर न विचारता तिच्यावर लिहिले जाते. तोच प्रोग्रॅम त्या वेळी चालू असेल, तर लिनक्स लिहू देत नाही. आधी तो थांबवावा लागतो.

सर्वांत गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. जीडीबीसर्व्हर पासवर्ड विचारत नाही. त्याच्या पोर्टपर्यंत जो पोहोचेल, तो सर्व्हरच्याच अधिकाराने फाइल लिहू किंवा पुसू शकतो. ग्राहकाच्या नेटवर्कवर मी तो उघडा ठेवत नाही. सिरियल केबल किंवा एसएसएच बोगदाच (कूटबद्ध जोडणी) वापरतो, ‘रिमोट गेट’ने लॉग खाली उतरवतो आणि निघण्यापूर्वी ‘मॉनिटर एक्झिट’ देऊन सर्व्हर बंद करतो.