नोकरी सांभाळून स्वयंसेवा: घरबसल्या करता येणाऱ्या सेवा नेमका किती वेळ मागतात

स्वयंसेवेसाठी नाव नोंदवायला गेलं की पहिला प्रश्न हमखास येतो: आठवड्याला किती तास देऊ शकाल? पूर्णवेळ नोकरी करणारा माणूस उत्साहाच्या भरात पाच-सहा तास लिहून मोकळा होतो आणि महिन्याभरात गळतो. तास त्याच्याकडे असतात, पण ते सुटे असतात. जेवणानंतरची वीस मिनिटं, प्रवासातली पंधरा, रविवारी सकाळचा एखादा तास. त्यामुळे कोणतीही सेवा निवडताना आधी तीन गोष्टी तपासाव्यात. कामाचा सर्वांत लहान तुकडा केवढा आहे, तो अर्धवट राहिला तर कोणाचं अडतं, आणि केलेलं काम दुसरं कोणी तपासतं का. याच तीन कसोट्या लावून काही मोफत सेवा इथे पारखल्या आहेत.

सर्वांत लहान तुकडा हवा असेल तर झूनिव्हर्स. २००७ साली 'गॅलेक्सी झू' नावाचा प्रकल्प सुरू झाला, दीर्घिकांच्या छायाचित्रांची आकारानुसार वर्गवारी करायचा. त्यातूनच २००९ मध्ये हे संकेतस्थळ उभं राहिलं. आज तिथे कॅमेरा-सापळ्यांतली, म्हणजे हालचाल झाली की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतली, प्राण्यांची छायाचित्रं ओळखण्यापासून जुनी हस्तलिखितं उतरवून घेण्यापर्यंत अनेक प्रकल्प चालतात. खातं न उघडताही काम सुरू करता येतं. एक चित्र समोर येतं, दोन-तीन प्रश्न विचारले जातात, उत्तर दिलं की पुढचं चित्र. एका चित्राला अर्धं मिनिट पुरतं आणि कुठेही थांबलं तरी कोणाचं काही बिघडत नाही, कारण तेच चित्र अनेकांना दाखवून त्यांची उत्तरं एकत्र केली जातात.

इथे नवख्यांचं एकच चुकतं. खात्री नसली की ते चित्र सोडून देतात, किंवा रिकाम्या चित्रात काहीतरी शोधत बसतात. कॅमेरा-सापळ्याच्या प्रकल्पांत वाऱ्याने हललेल्या गवतामुळे टिपली गेलेली रिकामी छायाचित्रं ढिगाने असतात. 'इथे काही नाही' हे उत्तरही तितकंच कामाचं आहे, ते बिनधास्त द्यावं. आणि खरंच काही विचित्र दिसलं तर चर्चेच्या पानावर टाकावं. २००७ मध्ये हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेने एका दीर्घिकेजवळचा अनोळखी डाग असाच विचारला होता. खगोलशास्त्रज्ञांना तोवर माहीत नसलेला तो प्रकाशमान वायूचा ढग आज तिच्याच नावाने ओळखला जातो. सेवेची उणीव म्हणाल तर माणसांशी संबंध जवळजवळ येत नाही. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याला रात्री पुन्हा चित्रांवर टिचक्या मारणं महिन्या-दोन महिन्यांत कोरडं वाटू लागतं.

माणसाशी थेट बोलायचं असेल तर बी माय आइज. दृष्टी अधू असलेल्या हान्स यॉर्गन विबर्ग या डॅनिश माणसाची ही कल्पना, ॲप आलं २०१५ मध्ये. दृष्टिहीन व्यक्ती व्हिडिओ कॉल लावते, तिच्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्यातलं दृश्य तुम्हाला दिसतं आणि दोघांना बोलता येतं. तुमचा चेहरा समोर जात नाही. औषधाच्या पाकिटावरची मुदत, यंत्राच्या पडद्यावरचा संदेश, दोन सदऱ्यांपैकी निळा कोणता, अशी कामं असतात. बहुतेक काही मिनिटांत आटोपतात.

नोकरदारासाठी याची रचना फार सोयीची आहे. कॉल एकाच वेळी अनेक स्वयंसेवकांकडे जातो आणि जो आधी उचलेल त्याला मिळतो. तुम्ही बैठकीत असाल तर घेऊ नका, दुसरं कोणीतरी घेतं. अपराधी वाटून घ्यायचं काहीच कारण नाही. अडचण उलटी आहे: मदत मागणाऱ्यांपेक्षा स्वयंसेवकांची संख्या कितीतरी पट जास्त आहे, त्यामुळे कॉल येण्यासाठी आठवडे, कधी महिने थांबावं लागतं. येणाऱ्या भाषा सेटिंग्जमध्ये नीट नोंदवाव्यात. फोनच्या बॅटरी बचतीमुळे ॲपच्या सूचना बंद पडलेल्या नाहीत ना, तेही पाहावं. कॉल न येण्याचं हे दुसरं कारण बऱ्याचदा लक्षातच येत नाही.

कॉल आला की दिशा सांगताना 'इकडे', 'तिकडे' म्हणू नये. 'फोन थोडा डावीकडे', 'एक वीत मागे घ्या', 'डबा उलटा फिरवा' असं सांगावं. अंधार असेल तर आधी दिवा किंवा फोनचा टॉर्च लावायला सांगावं, कारण समोरच्याला खोलीतला उजेड पुरेसा आहे की नाही हे कळत नाही. औषधाचं नाव अक्षर-अक्षर वाचून दाखवावं आणि धूसर दिसत असेल तर तसं स्पष्ट सांगावं. अंदाजाने सांगणं ही इथली सर्वांत घातक चूक. रस्ता ओलांडायला मार्गदर्शन करू नये, हे काम पांढऱ्या काठीचं आणि प्रशिक्षित श्वानाचं आहे. एवढं सांभाळलं तर ही सेवा प्रत्येकाने फोनमध्ये ठेवावी, पण मुख्य काम म्हणून हिच्यावर विसंबू नये.

आता नकाशांचं काम, आणि इथे जरा थांबायला हवं. ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था २०१० च्या हैती भूकंपानंतर आकाराला आली. भूकंप, पूर किंवा साथ आली की मदत पथकांना सगळ्यात आधी लागतं ते घरं आणि रस्ते दाखवणारं चित्र. जगाच्या अनेक भागांत असा तपशीलवार नकाशाच नसतो. स्वयंसेवक उपग्रह-छायाचित्रं पाहून तो ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या जगाच्या मोफत नकाशावर काढतात. संस्थेच्या 'टास्किंग मॅनेजर' या काम वाटून देणाऱ्या संकेतस्थळावर मोठा भूभाग लहान चौकोनांत विभागलेला असतो. एक चौकोन निवडला की तो दोन तासांसाठी तुमच्या नावावर अडवून ठेवला जातो, म्हणजे दोघांनी एकच घर दोनदा काढायला नको.

हे दोन तासच नोकरदाराचा घात करतात. वीस मिनिटं आहेत म्हणून चौकोन घ्यायचा, मध्येच फोन येतो, ब्राउझरची खिडकी उघडी राहते, चौकोनाचं कुलूप आपोआप सुटतं आणि साठवून न ठेवलेली घरं वाया जाऊ शकतात. उपाय साधा आहे. दर दहा मिनिटांनी बदल ओपनस्ट्रीटमॅपवर चढवावेत. त्यानंतर टास्किंग मॅनेजरमध्ये चौकोनाची स्थिती नोंदवावी, ही दुसरी पायरी वेगळी आहे आणि विसरली जाते. चौकोन पुरा झाला नसेल तर तसं निवडून 'वायव्येकडचा कोपरा बाकी' अशी टिप्पणी लिहावी, पुढचा माणूस तिथूनच सुरू करतो. चौकोनात वस्ती फार दाट असेल तर त्याचे चार तुकडे करायची सोय आहे. संध्याकाळी थकून बसणाऱ्याने ती आवर्जून वापरावी.

घर काढताना छपराच्या कडेने रेघ ओढणं स्वाभाविक वाटतं. पण छायाचित्र तिरक्या कोनातून घेतलेलं असेल तर उंच इमारतीचं छप्पर पायापासून सरकलेलं दिसतं. छपराचा आकार काढून घ्यावा, मग 'एम' कळ दाबून तो पायावर आणून ठेवावा. कोपरे काटकोनात बसवायला 'क्यू', गोल झोपड्यांना 'ओ'. दोन शेजारच्या घरांमध्ये बोळ असेल तर ती दोन वेगळी घरं, एक नव्हे, कारण घरांच्या संख्येवरून तिथल्या माणसांचा आणि लागणाऱ्या मदतीचा अंदाज बांधला जातो. घराची कड रस्त्याच्या रेघेला चिकटली तर पुढे रस्ता हलवताना घरही ओढलं जातं. तपासनीस चौकोन परत पाठवतात ते बहुतेक याच कारणांनी. परत आलेला चौकोन हा अपमान समजू नये. सोबतची टिप्पणी वाचावी, पहिल्या चार-पाच चौकोनांत जे शिकायला मिळतं ते कोणत्याही चित्रफितीत नाही.

संगणक उघडायचीच इच्छा नसेल त्या दिवसासाठी मॅपस्वाइप हे फोनवरचं ॲप आहे. छायाचित्राचे तुकडे समोर येतात. एक टिचकी म्हणजे इथे वस्ती आहे, दोन म्हणजे खात्री नाही, तीन म्हणजे ढगामुळे किंवा इतर कारणाने चित्रच खराब. कुठे वस्ती आहे हे यातून कळतं आणि नकाशा काढणाऱ्यांचा निर्जन रानात जाणारा वेळ वाचतो. बसच्या रांगेत उभं राहूनही होतं.

मराठी वाचकाला मात्र आमची पहिली शिफारस मराठी विकिस्रोताची आहे. जुनी, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्कॅन करून तिथे ठेवलेली असतात. यंत्राने त्यातला मजकूर ओळखलेला असतो, आणि माणसाने तो मूळ पानाशी ताडून दुरुस्त करायचा असतो. कामाचा तुकडा म्हणजे एक पान. साधं गद्य असेल तर दहा ते वीस मिनिटं, कोष्टक किंवा तळटीपा असतील तर दुप्पट. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर प्रत्येक पानाचा रंग दिसतो: लाल म्हणजे अजून तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकाने तपासलं, हिरवं म्हणजे दुसऱ्यानेही पाहून प्रमाणित केलं. निळं म्हणजे काही अडचण आहे, राखाडी म्हणजे कोरं. पिवळ्याचं हिरवं तुम्हाला स्वतःला करता येत नाही, त्याला दुसरा माणूसच लागतो, आणि हीच या व्यवस्थेतली सर्वांत चांगली गोष्ट. चूक राहिली तरी ती पकडायला कोणीतरी आहे.

यंत्र कुठे चुकतं हे आधी माहीत असलं की वेग दुपटीने वाढतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'ष' आणि 'प' यांची अदलाबदल नेहमीची. 'ख' फुटून 'रव' होतो. छपाईत शाई कमी लागली असेल तर अनुस्वार गळतात, कागदावर डाग असेल तर नसलेले अनुस्वार उगवतात. सर्वांत फसवं म्हणजे 'ऱ्य' आणि 'र्य'. 'आचाऱ्यांना बोलावलं' आणि 'आचार्यांना बोलावलं' ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, पण एकात स्वयंपाक होतो आणि दुसऱ्यात प्रवचन. नजरेने भरभर वाचताना हे निसटतं. म्हणून ओळ ओठांनी पुटपुटत वाचावी, एकदा मूळ पानावर आणि एकदा मजकुरात.

दुसरी चूक शिकलेली माणसं जास्त करतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नांव', 'नाहीं' असंच छापलेलं असतं. ते 'सुधारून' आजच्यासारखं करायचा मोह होतो. करू नये. मूळ पानावर जे आहे तेच राहू द्यावं, त्या काळची भाषा जपणं हाच या कामाचा अर्धा हेतू आहे. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द जोडावा, परिच्छेदातल्या ओळी सलग कराव्यात, नव्या परिच्छेदाआधी एक ओळ मोकळी सोडावी. पान अर्धं राहिलं तर रंग न बदलता जतन करावं. पिवळा रंग म्हणजे तुमचा शब्द, तो पूर्ण ताडून पाहिल्यावरच द्यावा.

आवाज चांगला असेल त्यांना लिब्रिव्हॉक्स खुणावतं. २००५ पासून तिथे स्वयंसेवक जुनी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. पण नोकरदाराने जपून हात घालावा. शांत खोली लागते, वाहनांचा किंवा पंख्याचा आवाज चालत नाही, एका तासाच्या ध्वनिमुद्रणामागे चुका काढणं धरून तीन तास सहज जातात, आणि घेतलेलं प्रकरण मुदतीत दिलं नाही तर सगळं पुस्तक अडून राहतं. मुद्रण ऐकून चुका टिपण्याचं कामही तिथे असतं. ते कानाला इअरफोन लावून प्रवासात करता येतं, सुरुवात त्यापासून करावी.

संयुक्त राष्ट्रांच्या ऑनलाइन स्वयंसेवेचा प्रकार अगदी वेगळा. कामं १२ आठवड्यांपर्यंतची, आठवड्याला जास्तीत जास्त २० तासांची. भाषांतर, आरेखन, संशोधन, लेखन अशी कौशल्याची कामं असतात आणि नोकरीसारखाच अर्ज करावा लागतो. निवड होईलच असं नाही. पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे क्षेत्र बदलू पाहणाऱ्याला याचा खरा उपयोग. मात्र इथे तुकडा लहान नाही आणि समोर कोणीतरी वाट पाहत असतं. अर्जाआधी वर्णनात थेट बैठकींचा उल्लेख आहे का आणि त्या कोणत्या प्रमाणवेळेनुसार आहेत हे पाहावं. सांगितलेल्या तासांच्या दीडपट वेळ मोकळा असेल तरच अर्ज करावा. दिवसभर जे काम पगारासाठी करता तेच संध्याकाळी फुकट करायचं का, याचाही विचार करावा. हिशेबनीस रात्री पुन्हा हिशेब लिहायला बसला की लवकर थकतो, नकाशे काढायला बसला तर टिकतो.

सुरू करण्यापूर्वी नोकरीच्या करारातलं बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाचून घ्यावं. लिहिलेल्या किंवा घडवलेल्या गोष्टीवर मालकाचा हक्क सांगणारं कलम असेल तर लेखी परवानगी मागावी. कार्यालयाचा लॅपटॉप आणि कार्यालयाचा ईमेल यासाठी वापरू नये. नोकरी बदलली की खातं हातचं जातं आणि केलेल्या कामाची नोंदही.

पहिले चार आठवडे एकच सेवा घ्यावी, आठवड्याला दोन बैठका, प्रत्येकी अर्ध्या तासाची. शक्यतो त्याच वारी, त्याच वेळी. चारपैकी तीन आठवडे जमलं तर चालू ठेवावं. नाही जमलं तर याहून लहान तुकड्याच्या सेवेकडे वळावं, विकिस्रोतावरून मॅपस्वाइपकडे, नकाशांवरून झूनिव्हर्सकडे. आणि सोडताना अडवलेला चौकोन मोकळा करावा, घेतलेलं प्रकरण परत करावं, समन्वयकाला दोन ओळी लिहाव्यात. तसं कळवलं की ते काम त्याच दिवशी दुसऱ्याला देता येतं.