फोन आत्ता रूट करावा, वॉरंटी संपायची वाट बघावी, की रूट न करताच भागवावं?

गेल्या रविवारी निपाणीहून भाच्याचा फोन आला. "मामा, फोन रूट मारायचा म्हणतोय. वॉरंटी जाते म्हणतात, खरं काय?" रूट म्हणजे फोनच्या सिस्टमवर कंपनी आपल्याला देत नाही तो पूर्ण ताबा मिळवणं. फोन चार महिन्यांपूर्वी कोल्हापुरात घेतलेला, किंमत पंधरा हजारांच्या आतबाहेर. नको असलेली ॲप्स त्यात पहिल्या दिवसापासून खच्चून भरलेली. त्याहून मोठं दुखणं म्हणजे कॉल रेकॉर्ड करायला गेलं की समोरच्याला त्याची घोषणा ऐकू जाते. याचा धंदा तंबाखूचा. भावाची बोली तोंडी होते, नंतर कुणी फिरू नये म्हणून याला ती रेकॉर्डवर हवी असते, आणि घोषणा ऐकली की समोरचा गप्पच बसतो.

मी स्वतः 2012 साली पहिला फोन रूट केला तो मराठी वाचता यावं म्हणून. त्या फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. रूट करून फॉन्ट घातला तेव्हा कुठे बायकोचा मेसेज वाचता आला. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. आज बहुतेक दुखण्यांवर रूटशिवायचा उपाय निघालाय, म्हणून त्याला म्हटलं, आधी तिन्ही वाटा बघ.

पहिली वाट: रूट न करता. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबलने कॉम्प्युटरला जोडायचं आणि एडीबी या कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणाऱ्या साधनाने नको ती ॲप्स काढायची. खरं तर ती तुमच्यापुरती काढली जातात, मूळ प्रत सिस्टममध्ये राहतेच. फॅक्टरी रीसेट मारला की सगळी परत हजर. वॉरंटीच्या दृष्टीने तेच सोयीचं, कारण बूटलोडरला, म्हणजे फोन चालू होताना सिस्टम सुरू करणाऱ्या कुलूपबंद प्रोग्रॅमला, हात लागलेला नसतो. यातही डोळे मिटून चालत नाही. काही फोनमध्ये हरवलेला फोन शोधणारं कंपनीचं ॲप उडवलं तर फोन लोगोवरच अडकतो. ज्याचं काम कळत नाही त्याला हात लावू नये. जाहिराती घालवायला सेटिंगमधल्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये त्या अडवणाऱ्या ॲडगार्ड सेवेचा पत्ता घातला की बऱ्याचशा जातात, यूट्यूबच्या तेवढ्या राहतात. आणि रेकॉर्डिंगचं म्हणाल तर काही कंपन्यांनी स्वतःचा डायलर, म्हणजे कॉल करायचं ॲप, प्ले स्टोअरवर ठेवलाय, त्यात घोषणा होत नाही.

दुसरी वाट: आत्ताच रूट. पहिली पायरी बूटलोडर उघडणं, आणि त्यात फोन पूर्ण कोरा होतो. फोटो, चॅट, सगळं जातं. मग मॅजिस्क या रूटच्या ॲपने त्या फोनची बूट फाइल, म्हणजे फोन सुरू करणारी फाइल, पॅच करून ती कॉम्प्युटरवरच्या फास्टबूट या साधनाने केबलवरून परत घालायची. अँड्रॉइड 13 सोबत बाजारात आलेल्या फोनांपासून ही फाइल बहुधा 'इनिट बूट' नावाची वेगळी असते. तिथेच नवखी पोरं चुकतात. फाइलही नेमकी त्याच मॉडेलची आणि त्याच आवृत्तीची लागते. भारतातल्या फोनला परदेशी आवृत्तीची घातली तर फोन चालू व्हायचं नाव घेत नाही.

सगळ्या कंपन्या बूटलोडर उघडूही देत नाहीत. पिक्सेलवर सोपं आहे, मूळ सॉफ्टवेअर गूगलच्या साइटवरच मिळतं. मोटोरोला साइटवरून कोड देते आणि वॉरंटीचा इशाराही. शाओमी अर्ज करून थांबायला लावते. विवोचा अधिकृत रस्ताच सहसा नसतो. मग गल्लीतला दुकानदार म्हणतो, "दे की, सॉफ्टवेअर मारून देतो." त्याच्या लॅपटॉपवरून फोनमध्ये आणखी काय शिरलं हे तुम्हाला कधीच कळत नाही. रूट म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या, आणि त्या आधी त्याच्या हातात जातात.

आता वॉरंटी. साधारणपणे फोनला वर्षभर आणि चार्जर, केबलला सहा महिने. बहुतेक कंपन्यांच्या अटींत सॉफ्टवेअरमध्ये अनधिकृत बदल केल्यास वॉरंटी लागू नाही, असं कुठेतरी बारीक अक्षरात असतंच. आणि त्यांना कळणार नाही या भरवशावर राहू नका. काही वर्षांपूर्वी माझ्या रूट केलेल्या फोनचं चार्जिंग बंद पडलं. बेळगावातल्या एका सर्व्हिस सेंटरवर नेला. काउंटरवरच्या पोराने तो आधी बंद करून परत चालू केला. लोगोखाली उघड्या कुलपाचं चित्र आलं. त्याने फोन माझ्याकडे वळवला, चित्रावर बोट ठेवलं आणि जॉब शीटवर 'वॉरंटीबाहेर' लिहिलं. चार्जिंग पोर्टचा आणि रूटचा काय संबंध, असं मी तीनदा विचारलं. तो कन्नडमधून मॅनेजरशी बोलला, मॅनेजर इंग्रजीतून माझ्याशी बोलला, पोर्टचे पैसे मी भरले. सॅमसंगचं तर याहून पक्कं. त्यांच्या नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा, बदल झाल्याची खूण ठेवणारा फ्यूज एकदा उडाला की मूळ सॉफ्टवेअर घालूनही परत बसत नाही, आणि खाजगी गोष्टी ठेवायचा सिक्योर फोल्डर कायमचा जातो.

नेटवर कुणीतरी छातीठोकपणे सांगतो की बिघाड रूटमुळेच झाला हे कंपनीने सिद्ध करायला हवं. ते बोलणं बहुधा अमेरिकेतल्या 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यावरून आलेलं असतं, आणि तो कायदा काही महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडून निपाणीत येत नाही. आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, 20 जुलै 2020 पासून लागू. त्यात रूटचा शब्दही नाही. म्हणजे वाद घालायला जागा आहे, पण तो घालायचा तुम्ही.

सीमाभागातल्या माणसाला या कायद्यातली एक सोय मात्र फार कामाची आहे. फोन कोल्हापुरात घेतला तरी तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. निपाणीकराला बेळगाव चालतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी. तरी पोर्टच्या दुरुस्तीसाठी आयोगाच्या तारखा कोण धरत बसणार? मी नाही बसलो.

इतकं सांगूनही माझ्या मते वॉरंटी हा या प्रश्नातला लहान भाग आहे. ती वर्षात संपणारच. रोजचा त्रास पैशांच्या ॲप्सचा. बँकांची आणि यूपीआयची बरीच ॲप्स रूट केलेल्या फोनवर उघडत नाहीत. लपवायच्या युक्त्या आहेत, पण 2025 पासून गूगलची प्ले इंटेग्रिटी ही फोन मूळ स्थितीत आहे का ते ॲप्सना सांगणारी तपासणी अँड्रॉइड 13 आणि त्यापुढच्या फोनवर हार्डवेअरमधला पुरावा मागते. आज चाललेली युक्ती उद्या चालेलच असं नाही, आणि ती बंद पडते तेव्हा तुम्ही कुंद्याचा पुडा हातात घेऊन काउंटरवर उभे असता, मागे रांग. शिवाय कंपनीचे अपडेट दर वेळी हाताने घालायचे, आणि काही फोनवर नेटफ्लिक्सचं चित्र कमी दर्जाचं होतं.

तिसरी वाट: वॉरंटी संपेपर्यंत थांबणं, किंवा घरातल्या जुन्या फोनवर हौस भागवणं. जुन्या फोनला गमावण्यासारखं काही नसतं. उलट कंपनीने अपडेट बंद केलेल्या फोनला लिनिएजओएस ही हौशी मंडळींनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती मिळत असेल तर त्याला आणखी दोन-तीन वर्षं आयुष्य मिळतं. त्याला तर रूटही लागत नाही, उघडा बूटलोडर पुरतो. पुढे कधी मूळ सॉफ्टवेअरवर परतायचं झालं तर ते नीट बसल्याशिवाय बूटलोडर परत बंद करू नका. बदललेल्या सिस्टमवर कुलूप लावलं की फोन मेला.

भाच्याला म्हटलं, तुझा सगळा व्यवहार याच एका फोनवर, तेव्हा हा रूट करायचा नाही, वॉरंटी संपल्यावरही नाही. व्यवहाराला वेगळा फोन असता तर मीच करून दिला असता. तो हिरमुसला. मग आठवलं, म्हणाला, "पाच वर्षांपूर्वीचा एक हाय की, काच फुटल्याला." तो घेऊन तो शनिवारी बेळगावला येतोय. नव्या फोनची ॲप्स केबलने काढायची, जुन्यावर काय ते प्रयोग.

फोन ठेवण्याआधी त्याला नव्या फोनचं बिल शोधायला लावलं. सापडलं, पण थर्मल कागदावरचं. चार महिन्यांत तारीख निम्मी उडालीय. आधी त्याचा फोटो काढून मला पाठव म्हटलं.