लंडनचं तिकीट काढताना: बोइंग 787 की 777?

भाऊ इंग्लंडात स्विंडनला असल्यामुळे गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबई नाहीतर दिल्ली आणि तिथून लंडन हा माझा नेहमीचा रस्ता झालाय, त्यामुळे ओळखीतलं कोणी तिकीट काढायला बसलं की मला फोन येतोच, विमान कुठलं बरं म्हणून. सीट, लगेज तुम्ही बघालच, मी फक्त आतल्या हवेबद्दल सांगतो.

फिल्टरवरून डोकं खपवू नका. हेपा दोन्हीत आहे, 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवणारा, आणि साधारण अर्धी हवा बाहेरची, अर्धी गाळून फिरवलेली, हेही सारखंच. 777 मध्ये बाहेरची हवा इंजिनातून घेतात, 787 मध्ये वेगळ्या तोंडाने घेऊन विजेच्या कॉम्प्रेसरने दाबतात, म्हणजे इंजिन ऑइलचा वास आत यायचा मार्गच राहत नाही. पण 777 मध्ये मला तो वास कधी आलेला नाही, त्यामुळे मी त्याला फार वजन देत नाही.

माझं ठरलं ते नाकामुळे. आपण गोव्याचे, पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते असल्या हवेतले, आणि विमानात दमटपणा 20 टक्क्यांच्याही खाली. 777 मध्ये जेवून झोपलो की मध्येच जाग येते, जीभ टाळूला चिकटलेली, नाकात खपल्या धरलेल्या, शिंकरलं की रुमालावर रक्ताचा ठिपका. पाणी प्यायलं की घसा सुधारतो, नाक नाही, ते पुढे दोन दिवस हुळहुळत राहतं. 787 मध्ये कोरडं पडतं, पण खपल्यांपर्यंत जात नाही. त्याची बॉडी बरीचशी कार्बन फायबरची, गंजायची भीती नाही, म्हणून ओलावा थोडा जास्त ठेवता येतो. दाबही जास्त ठेवतात: 777 मध्ये केबिन 8000 फुटांवर असल्यासारखी होऊ शकते, म्हणजे उटीच्याही वर, 787 मध्ये 6000, कळसूबाईहून थोडंसंच वर. उतरल्यावर डोकं जड होत नाही ते यामुळेच असावं, निदान माझं तरी. ज्यांना सायनस नाही त्यांना कदाचित एवढा फरक जाणवणार नाही.

777 ची बाजूही सांगायला हवी. एका रांगेत नऊ सीट असतील तर खांद्याला जागा छान मिळते, 787 मध्ये त्याच नऊ सीट दाटीने बसवलेल्या असतात. पण हल्ली 777 मध्येही बऱ्याच ठिकाणी दहा करतात, मग तोही फायदा गेला.

एअरबसचं ए350 मिळालं तर तेही बिनधास्त घ्या, हवा इंजिनातूनच येते पण केबिन 6000 फुटांचीच. बुकिंग करताना विमानाचा कोड बघा, 788, 789 किंवा 359 हवा, 77डब्ल्यू म्हणजे 777. आयत्या वेळी विमान बदलतातही, तेव्हा नाकात घालायचे सलाईनचे थेंब हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. मोपा-मुंबईला कुठलंही चालेल, तेवढ्यात नाक सुकत नाही.