तयार 50X टीएई बफर: बाटली घ्या, पण लेबल वाचून

रोज डीएनएचं जेल चालवणाऱ्या (म्हणजे विजेच्या प्रवाहाने जेलमध्ये डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या) लॅबला तयार 50X टीएईची, म्हणजे ट्रिस-ॲसिटेट-ईडीटीए बफरच्या 50 पट दाट द्रावणाची, एक लिटरची बाटली परवडते. तिच्यातून 1X (वापरायच्या तीव्रतेचं) बफर 50 लिटर निघतं आणि सगळ्यात चिवट काम वाचतं, ते म्हणजे ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन) विरघळवणं. 0.5 मोलर स्टॉकसाठी लिटरला 186.1 ग्रॅम डायसोडियम ईडीटीए लागतं. कितीही ढवळा, पीएच 8.0 च्या जवळ येईपर्यंत पाणी दुधाळच राहतं. सोडियम हायड्रॉक्साइडचे जवळपास 20 ग्रॅम खडे पडल्यावर कुठे ते निवळतं.

लेबलवर नुसतं '50X' छापलं असेल तर ती बाटली घेऊ नका. ट्रिस 2 मोलर, ॲसिटेट 1 मोलर, ईडीटीए 50 मिलिमोलर हे आकडे दिसायलाच हवेत. प्रत्येकाला 50 ने भागलं की 40, 20 आणि 1 मिलिमोलर येतात, तेच 1X. घरच्या कृतीचा हिशोबही तिथेच पोचतो: ट्रिस बेस 242 ग्रॅम, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड 57.1 मिली, 0.5 मोलर ईडीटीए 100 मिली, आणि पाण्याने एकूण 1 लिटर. पीएच वेगळा जुळवावा लागत नाही. फक्त ट्रिस बेसऐवजी ट्रिस-एचसीएलचा डबा हाती आला तर सगळं वाया: रेणुभार 121.14 ऐवजी 157.6, आणि वर ॲसिड पडल्यामुळे पीएच पार कोसळतो. तयार बाटलीत ही चूक होत नाही, हा तिचा मोठा गुण.

10X आणि 50X च्या बाटल्या बऱ्याचदा दिसायला सारख्याच असतात. 20 मिली घेऊन 1 लिटर करायची सवय हाताला असते. बाटली 10X ची निघाली तर जेलच्या टँकमध्ये 0.2X जातं. पॉवर पॅकवर (जेलला वीज देणाऱ्या यंत्रावर) व्होल्टेज नेहमीचं आणि करंट मात्र फारच कमी दिसला, तर आधी बाटली बघा. उलट चूक झाली, म्हणजे 10X समजून 50X ओतलं, की करंट चढतो, जेल तापतं आणि डीएनएच्या पट्ट्या वाकड्या येतात.

चांगलं बफर घेऊनही जेलची टक्केवारी बिघडते ती मायक्रोवेव्हमध्ये. 1 ग्रॅम ॲगॅरोज (जेल बनवायची पावडर) 100 मिली बफरमध्ये उकळताना 10 मिली वाफ गेली तर जेल 1.1 टक्क्याचं होतं. उकळण्याआधी फ्लास्कचं वजन करा, नंतर पुन्हा करा, आणि जितके ग्रॅम कमी भरतील तितकं गरम डिस्टिल्ड वॉटर घाला. इथे बफर घालायचं नाही, कारण उडालेलं असतं ते पाणी. क्षार फ्लास्कमध्येच राहिलेले असतात.

ईडीटीएचा स्टॉक आधीच तयार असेल तर टीएई लॅबमध्येच करा, बरंच स्वस्त पडतं. टीबीई (ॲसिटेटऐवजी बोरेट असलेलं बफर) घ्यायचं झालं तर 10X नको, 5X घ्या. 10X ठेवून ठेवून तळाशी पांढरा साका धरतं, आणि मग वरच्या द्रावाची खरी मोलॅरिटी कुठल्याच हिशोबात बसत नाही. ती बाटली टाकूनच द्यावी लागते.